सत्तेचाळिसावी पायरी

कुताईसीच्या त्या हिवाळ्यात वीज रात्री दोन वाजता यायची,
पंधरा मिनिटं,
आणि अख्खी इमारत झोपेतून उठून कपड्यांना इस्त्री करायची.
लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकली ती अडकलीच.
जिन्यात दिवसाही काळोख,
बोट घातलं तर बुडेल असा.

सहाव्या मजल्यावर मझेविनार राहायची.
नावात सूर्य आहे, यावरचा विनोद
ती आधी स्वतःच करून टाकायची,
समोरच्याला संधी नको म्हणून.
अंधांच्या कारखान्यात बावीस वर्षं तिने विजेची बटणं जुळवली.
पितळी पट्टी, स्प्रिंग, दोन स्क्रू,
मग कानाशी नेऊन: टक.
नीट न बोलणारी बाजूला.
कारखाना बुडाला तेव्हा शेवटचे चार पगार
तिला बटणांतच मिळाले. नऊ खोकी.
बाजारात पोतं अंथरून ती ती विकायची
वीज नसलेल्या गावाला.
लोक हसायचे.
"मला काय हसता," ती म्हणायची, "मी आवाज विकतेय."

पाचनंतर तिचा दुसरा धंदा.
खाली दाराशी आम्ही, पावाच्या रांगेतून आलेले,
डोळे असून भिंत चाचपणारे.
ती पहिल्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवायची,
त्याच्या खांद्यावर दुसऱ्याचा,
आणि आमची लांबलचक आंधळी अळी
तिच्यामागून चढू लागायची.
ती मोठ्याने मोजायची.
बाविसाव्याला सायकल.
एकतिसाव्याला ओतियाचं मांजर, असलं तर.
"सत्तेचाळीस नाही. सोडा. अठ्ठेचाळीस."
सत्तेचाळिसावी अर्धी तुटून खाली गेली होती.

फुकट नाही. माणशी दोन अक्रोड,
नाहीतर अर्धी सिगारेट.
म्हाताऱ्यांना सूट नाही, ते वेळ खातात.
उधारी तोंडपाठ.
नार्दी खेळताना फासे स्वतःच चाचपायची
आणि सहा-सहा पडले म्हणायची.
आमच्याकडे मेणबत्ती नव्हती. काय करणार.

एकदा राजधानीतून वार्ताहर आला.
त्याला ती प्रेरणा म्हणून हवी होती.
फोटोसाठी त्याने तिच्या हातात पेटती मेणबत्ती दिली.
"ही कोणाला दिसावं म्हणून?"
वाचकांना, तो म्हणाला.
फोटो झाल्यावर तिने ती फुंकली, खिशात टाकली,
आणि जिना उतरवून देण्याचे त्याच्याकडून चार अक्रोड घेतले.
लेखात आलं, की तिच्या अंतरात उजेड आहे.
आईने तिला वाचून दाखवलं.
बराच वेळ ती गप्प.
मग म्हणाली, "अंतरात आतडी आहेत. राजमा उरलाय का?"

घाबरलेली मी तिला एकदाच पाहिली.
बर्फ पडला होता, रात्रभर, जाड,
त्याने सगळे आवाज गिळले होते,
पावलांचे, भिंतींचे, नळाचे.
दारापासून दहा पावलांवर ती हात पसरून उभी,
एकदा इकडे वळायची, एकदा तिकडे.
मी नऊ वर्षांची, खिडकीत.
हाक मारायला हवी होती.
मी पाहत राहिले,
कारण पहिल्यांदाच ती आमच्यासारखी दिसत होती.
शेवटी कुणाच्या तरी कुत्र्याने भुंकून
तिला दार दिलं.
हे मी तिला कधी सांगितलं नाही.

परवा गेले, सव्वीस वर्षांनी.
लिफ्ट चालते, पण नाणं टाकावं लागतं.
नाणं नव्हतं.
जिन्यात दिवा होता, त्याचं बटण मी दाबलं नाही.
सायकलीची जागा रिकामी. मांजर कधीच गेलेलं.
पंचेचाळीस, सेहेचाळीस,
पुढचं पाऊल न विचारता लांब पडलं
आणि बुटाचं टोक अडकलं
जिथे काहीच असायला नको होतं तिथे,
उंच लिंपलेल्या नव्या सिमेंटला.
कठड्याने वाचवलं.

वर दार उघडलं.
"कोण ते सत्तेचाळीसवर?"
मी नाव सांगितलं.
"बुजवलीय ती, मागच्या वर्षी. मला सांगायचं कुणाला सुचलं नाही.
मीही आपटले."
मग, जरा थांबून,
"तुझ्या आईकडे सहा अक्रोड बाकी आहेत."