हशा क्रमांक चौदा

कापूरबावडीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावलेल्या खोलीत
मी हसू सांभाळतो.
म्हणजे माझ्याकडे एक फोल्डर आहे.
हशा एक, खुदकन.
हशा पाच, नुसता बायकांचा.
हशा नऊ, विनोद उशिरा कळलेल्या मागच्या रांगेचा.
हशा चौदा म्हणजे अख्खं थिएटर,
खुर्च्यांच्या करकरीसकट.

चौदा माझा स्वतःचा.
दोन हजार सहा साली गडकरीच्या बाल्कनीत
मांडीवर यंत्र घेऊन बसलो होतो.
नीट ऐकलं तर अकराव्या सेकंदाला
एक बाई हसता हसता ठसकते.
ती शकूआत्या. राबोडीहून चालत आली होती.
आता नाही.
तिचा ठसका आठवड्यातून तीनदा लागतो.

लढाई सुरू झाली त्या मंगळवारी
चॅनेलवरून फोन आला,
सासू-सुनेचं स्किट काढा, सैनिकाचं घाला.
शत्रूचा सैनिक. घाबरट. नाडी सुटलेली.
दुपारी लिहिलं, संध्याकाळी घोडबंदरला शूट,
रात्री अकराला फाइल माझ्या पुढ्यात.

शत्रू म्हणजे जनार्दन भोपी, कळव्याचा.
याआधी हवालदार, पोस्टमन, एकदा यम.
गणवेश काखेत उसवलेला, मिशी एका बाजूने सुटलेली,
'मारू नका, मारू नका' करत तो पळतो
आणि पत्र्याच्या पिंपात पडतो.
दिग्दर्शकाची चिठ्ठी:
पडला की चौदा. वर टाळ्या.

मी चौदा लावला.
मग सवयीने खालचा ट्रॅक एकटा ऐकला,
जो तुम्हाला कधीच ऐकू येत नाही.
कोपर पत्र्यावर आपटल्याचा आवाज.
आणि हळूच, 'आय गो!'
हे संहितेत नव्हतं.
शत्रू 'आय गो' म्हणत नाही.
ते मी काढलं.
साफ केलं, असं म्हणतो आम्ही.

शुक्रवारी घरी जेवताना बघितलं,
वर्तकनगरला, भेंडीची भाजी.
पिंपात माणूस पडला, चौदा सुरू झाला
आणि पडद्याच्या तळाशी लाल पट्टी सरकत आली:
सीमेलगतच्या गावावर तोफगोळे, सात ठार,
मृतांत दोन मुलं.
गावाचं नाव टाळ्यांच्या वेळी आलं.
पट्टी माझ्या टाइमलाइनवर नसते.
ती दुसऱ्या खोलीत दुसराच कोणी टाइप करतो,
तोही बहुधा जेवायचा राहिलेला.

'कुणाचे सात? आपले की त्यांचे?'
प्रज्ञाचा घास हातातच.
मी म्हटलं, थांब, पट्टी परत येईल.
परत आली तेव्हा सोन्याचा भाव होता.

पण अकराव्या सेकंदाला आत्या ठसकली होती.
त्या सातांवर.
एकाहत्तरच्या डिसेंबरात
तिने राबोडीच्या खोलीच्या काचांना काळा कागद चिकटवला होता.
अंधारात आम्हा पोरांना हसू फुटलं
की तोंडावर हात दाबायची,
पिठाचा वास येणारा हात.
'गप. वर विमानाला ऐकू जाईल.'
विमान कुणाचं, हे तिने कधी सांगितलं नाही.

रात्री जनार्दनचा फोन.
'बघितलंस? केवढे हसले रे लोक!
बिल्डिंगमध्ये पोरं आता शत्रूकाका म्हणून हाक मारतात.
पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय,
दोन दिवसांचं काम. पिंप मोठं आणणारेत.'
खूश होता. दिवाळीला फ्रिज घेईन म्हणाला.

मी विचारलं, कोपर कसंय?

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणाला,
'तुला कसं कळलं?'