प्रश्नचिन्हांचा खण

साहेब म्हणायची सवय मला नंतर लागली.
आधी ते हरिभाऊ होते, हरिभाऊ लडकत,
शनिवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या,
बायकोच्या पाटल्या मोडून आणलेलं ट्रेडल मशीन,
आणि मी, अंबादास येमूल, भवानी पेठेतून सायकलवर येणारा
कंपोझिटर. पगार कधी कधी.

पत्राचं नाव 'टाचण'. चार पानं, एक आणा.
हिरव्या शाईत लिहायचे, अक्षर म्हणजे मुंग्यांचं भांडण,
आणि सुरुवात कशीही होवो, शेवटी प्रश्न.
रस्त्याची खडी कुणाच्या अंगणात पडली?
शाळेत खडू नाहीत, मग खडूंचं बिल कुणी खाल्लं?
मंगळवारीच खण रिकामा व्हायचा.
मग शेजारच्या बेंद्रे प्रिंटर्सकडून उसनी प्रश्नचिन्हं आणायचो.
ते लग्नपत्रिका छापायचे,
त्यांना कशाला लागतायत.

चूक झाली तर पहिल्या पानावर चौकट: आमचं चुकलं.
ज्या टायपात चूक त्याच टायपात कबुली,
एक पॉइंट कमी केला तर स्टिक हातातून हिसकायचे.

पानशेत फुटलं. खिळे गाळात.
बादल्या भरभरून धुतले, नखांतला गाळ दिवाळीपर्यंत गेला नाही.
पाचव्या दिवशी एक पान निघालं, एका बाजूनं छापलेलं:
हरवलेली नावं, सापडलेली नावं.
एक बाई दोन्ही याद्यांत होती.
हरिभाऊ तिला शोधत चिखलातून शाळाशाळा फिरले,
सापडली तेव्हा ती दुसऱ्याच कुणाचं पोर मांडीवर घेऊन बसलेली.
त्या एका पानानं त्यांना निवडून आणलं.
मतं मागितली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.
पुढच्या सात निवडणुकांचं नाही सांगणार.

नगरसेवक. आमदार. पुन्हा आमदार.
मध्ये अडीच वर्षं राज्यमंत्री, खातं मत्स्यव्यवसाय,
अख्ख्या शनिवार पेठेला हसू आवरेना.
पण नळ आले, ते त्यांनीच आणले.
पहाटे पाचला दारात माणसं, प्रत्येकाचं नाव पाठ,
प्रत्येकाच्या जावयाचंसुद्धा.

खणांची झीज तेवढी बदलली.
'मा' झिजला, 'ना' झिजला,
मा. ना. मा. ना. करता करता
पूर्णविराम किलोनं आणावे लागले.
प्रश्नचिन्हांच्या खणात मशीनवाला सिद्राम
तंबाखूची पुडी ठेवू लागला.

एकदा टेकडीबद्दल वाचकाचं पत्र आलं.
प्रूफ घेऊन बंगल्यावर गेलो. रात्रीचे साडेदहा.
वाटलं, फाडतील. फाडलं नाही.
हिरव्या पेनानं एकच दुरुस्ती केली,
आणि सकाळी पत्र छापून आलं:
टेकडीवरचे प्लॉट कुणाच्या नावावर आहेत.
पूर्णविराम.
छापलं तर होतं. ते निवांत झोपले असतील.
मीही झोपलो, खोटं कशाला बोलू,
धाकटीची ॲडमिशन त्यांच्याच चिठ्ठीवर झाली होती.

ऑफसेट आलं, खिळे जुन्या बाजारात वजनावर गेले.
मरायच्या आदल्या वर्षी ते माझ्याकडे आले,
दोन जिने, मध्ये तीनदा थांबत.
सिद्रामची चौकशी केली. कांदाभजी खाल्ली.
कागदाचा भाव विचारला आणि ऐकून बराच वेळ गप्प बसले.
टेकडीचा विषय त्यांनी काढला नाही.
मीही नाही.

गेले तेव्हा 'टाचण'नं पूर्ण पान दिलं, रंगीत.
झुंजार, लढवय्ये, भीष्माचार्य,
आणि तिसऱ्या कॉलमात, सातव्या ओळीत, लडकट.
दुसऱ्या दिवशी पहिलं पान पाहिलं. तिसऱ्या दिवशी आतली.
मग फोन लावला.
मुलगी गोड बोलली: काका, ऑनलाइनला बदललंय आम्ही,
पेपर कोण आता जपून ठेवतं?

सुटी बटणं ठेवतो त्या डब्यात
बारा पॉइंटचं एक आहे अजून.
चष्मा लावून शोधावं लागतं,
आणि हातात घेतलं की उलटं दिसतं.