उतार

गॅरेजचं दार अर्धं वर. बाहेर यॉर्कटनचा मे,
कुंपणाच्या कडेला अजून मळका बर्फ.
ओरेस्टने सीट काढून फ्रीझरवर ठेवलीय
आणि मी टॉर्च धरून उभी.
"हलवू नकोस, दार्का."
हलवत नाही. चाळीस वर्षं धरतेच आहे.

लाल वायर, काळी वायर,
फ्यूज बॅटरीपासून चार बोटांवर,
कुठे घासलीच तर आधी तो जळावा, गाडी नको.
टाकीखालून वायर ओढताना
जीभ दातांत, शाळकरी पोरासारखी.

तो म्हणतो, रिले लावू.
किल्ली काढली की सॉकेट मेलं. बॅटरी शाबूत,
सकाळी एका बटणात गाडी चालू.

आणि रात्री?
रात्री किल्ली तुझ्या खिशात,
तंबूत तुझं श्वासाचं यंत्र, तोंडावर मास्क,
आणि पिन त्याच मेलेल्या सॉकेटात.
तुला माहीत नाही, तू झोपेत थांबतोस.
मी मोजलंय.
एकदा एकतीसपर्यंत.

तो पक्कड खाली ठेवतो.
बराच वेळ एक नट शोधतो, जो हातातच आहे.
मग रिले परत डब्यात,
वायर थेट बॅटरीला.

"आणि सकाळी चालूच नाही झाली तर?"
उतारावर उभी करत जा. दुसऱ्या गिअरात ढकल.
"सास्काचेवानात? उतार?"
तो हसतो, इतका
की माझ्या हातातला उजेडही हलतो.
युकॉनपर्यंत सापडेल की एखादा.

पिन बसते. हिरवा दिवा.
मास्क कुणाच्याच तोंडावर नाही,
तरी फ्रीझरशेजारी यंत्र श्वास सोडत राहतं.
आम्ही दोघं ऐकतो.

"बंद कर आता," तो म्हणतो,
"बॅटरी उतरेल."