डावा सिलेंडर

अकिलिनाच्या घागऱ्यात, काळ्यानिळ्या पट्ट्यांमधून
एकेक लाल रेघ परत येते आहे.
किह्नू बेटावर दुखवटा असाच फिटतो, मागावर, हळूहळू.
मी मोजायला बसलोय तो मात्र दाब.

"चढावर धापा टाकते," ती म्हणाली
(या सपाट बेटावर चढ म्हणजे धक्क्यावरून वर येणारा तेवढा एक),
"आणि सकाळी चार-चार किका."
उराल, अठ्ठ्याहत्तर सालची, माझ्याहून तीन वर्षांनी थोरली.
साइडकारमध्ये बटाट्यांचं पोतं. पोत्यावर मांजर.

आधी दीपस्तंभापर्यंत पळवून आणली.
गार इंजिन खोटं बोलतं.
दोन्ही प्लग काढले, थ्रॉटल पुरता उघडा धरायला तिला सांगितलं,
नाक दाबून कुणाची छाती तपासत नाहीत,
आणि सहा किका.
उजवा: सात, वर थोडा.
डावा: चार.
पुन्हा चार.

माझा उस्ताद पॅर्नूचा, आता नाही तो.
म्हणायचा, चमचाभर तेल सोड आत;
दाब वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.
पण हिची सिलेंडरं आडवी. तेल तळाशी जाऊन बसतं,
रिंगेच्या वरच्या अर्ध्याला पत्ताच नाही.
चाराचे सव्वाचार झाले.
याचा काय अर्थ लावणार?

मग रबरी होडीचा पंप आणला.
पिस्टन वर, गाडी गिअरमध्ये, ती ब्रेकवर पाय रोवून.
प्लगच्या भोकातून हवा भरत राहिली पुतणी,
आणि मी कान घेऊन फिरलो.
कार्बोरेटरपाशी काही नाही.
तेलाच्या झाकणापाशी थोडी घरघर, या वयात एवढी चालते.
सायलेन्सरच्या तोंडाशी
गालावर सरळ गार फुंकर.

"एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह टेकत नाही."
"जळला?"
"बघू. आधी निवू दे. तापल्या इंजिनाचे टॅपेट लावत नाहीत."

निवायला दीड तास.
कुंपणाच्या दगडांवर बसून धुरावलेले मासे, राईचा पाव.
तिने विचारल्यावाचून सांगितलं:
एंडेल गेला त्या हिवाळ्यात ती टिकटिक सोसवेना.
कुठली टिकटिक बरी, कुठली वाईट,
हे त्याला कळायचं, मला नाही.
त्याचाच पाना घेतला, पिळत गेले,
गप्प होईस्तोवर.

"आणि उजवीकडे?"
"उजवीकडे साइडकार आड येते. हात पोचला नाही."

झाकण उघडलं. गेजचं सर्वांत पातळ पातं आत शिरेना.
(माझी पाती सुटीच आहेत, पिन कधीची तुटली.)
मिटलेला वाटणारा व्हॉल्व्ह दर खेपेला
केसभर उघडा राहत होता.
मी एवढंच म्हणालो,
"मिलिमीटरचा दहावा भाग. इतकी फट लागतेच."
तिने ते पातं चिमटीत घेतलं, उजेडात धरलं,
सूत निवडताना धरते तसं.
"मग वाजेल."
"वाजेल."

पुन्हा दीपस्तंभ, पुन्हा सहा किका.
साडेपाच.
सात नाही. कडा करपली असणार थोडी.
समुद्र गोठला, जाळी वर आली की
हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवू, मी म्हणालो.
"पैसे?"
"बटाटे."
पोतं उतरलं, मांजर उतरलं नाही.

दुसऱ्या किकेला घेतली गाडीने.
चर्चमागे ती दिसेनाशी झाली तरी
टिकटिक येत होती,
वारा फिरला की जायची, मग पुन्हा.
मी हात पुसले, पाती डब्यात लावू लागलो,
जाड, मध्यम, बारीक,
आणि एक कमी भरलं.
फडक्यात पाहिलं, गवतात पाहिलं.
तेच.