देठ

मी केलेलं पान फार देखणं होतं.
वर डोंगराचा फोटो, आपोआप सरकणारा,
खाली हसऱ्या परिचारिका,
कोपऱ्यात 'बोला, काय मदत करू' म्हणणारा बुडबुडा
आणि तळाशी, एका राखाडी चौकोनात,
'रिपोर्ट पाहा'.
स्टेशन रोडच्या माडीवर, सत्तावीस इंची पडद्यावर
लॅबवाल्या डॉक्टरांनी ते पाहिलं,
'वा' म्हणाले, चेक दिला.
त्या चेकातून मी खुर्ची घेतली. पाठ टेकता येणारी.

पौषात हिरकणआत्याचा फोन आला, पठारीवरून.
मागे बायकांचं खोकणं.
मिरचीचं खोकणं वेगळं असतं,
ते थांबत नाही, फक्त एकीकडून दुसरीकडे जातं.
"तुना कागद दखात नही रे भाऊ,
नुसतं गोल गोल फिरस."
थांब जरा, उघडेल, मी म्हणालो.
"सकायपाईन थांबेल शे."

नंदुरबारात राहून मी पठारीवर
कधी आत गेलो नव्हतो.
फाटकातच तीन शिंका.
पुढे नजर जाईल तिथवर लाल,
आणि त्या लालीत उकिडव्या बसलेल्या बाया,
चेहरे बांधलेले, नुसते डोळे, तेही ओले.
फोन सेवंती वळवीचा होता,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, कोपरा तडकलेला.
तिच्या पोराचं रक्त आठ दिवसांपूर्वी दिलेलं.
सगळी बोटं तेलाने माखलेली, आग होऊ नये म्हणून.
फोनसाठी म्हणून तिने
डावी करंगळी तेवढी कोरडी राखली होती.

त्या करंगळीखाली मी माझं पान पाहिलं.
आधी पांढरं.
बराच वेळ पांढरं.
मग डोंगराचा माथा. बर्फाचा.
सातपुड्यावर बर्फ कुठलं, कुठून आणला होता मी तो?
मग चौकोन दिसला, तिने बोट नेलं,
तेवढ्यात परिचारिका उतरल्या,
चौकोन खाली घसरला,
बोट पडलं 'आज वीस टक्के सूट'वर.
ती ओशाळली. माझंच चुकलं, म्हणाली.
पुन्हा पांढरं. पुन्हा डोंगर.
तिसऱ्या वेळी निरोप आला,
आजचा डेटा संपला.
दिवसभराचा. डोंगराने खाल्ला.

आत्या बोलत नव्हती, देठ खुडत होती.
टच्, टच्, मिरची एकीकडे, देठ दुसरीकडे,
किलोमागे मोजून पैसे.
मग मान वर न करता म्हणाली,
"देठसंगे मिरची कोन खास रे?"

रात्री मी डोंगर काढला.
परिचारिका काढल्या, बुडबुडा फोडला,
सरकणारं सगळं थांबवलं.
उरले दोन रकाने
आणि एक बटण, बोटाच्या पेरानेही दाबता येईल एवढं,
जागचं न हलणारं.
सकाळी डॉक्टर म्हणाले,
हे काय, अगदीच उघडंबोडकं दिसतंय.
हो, मी म्हणालो. उघडतंय.
त्यांना ते आवडलं नाही. पुढचं काम
त्यांनी धुळ्याच्या कुणाला तरी दिलं.

तपासायला मी माडीवर बसलो नाही.
फाटकाशी सेवंतीचा फोन घेतला,
नंबर टाकला, दाबलं.
शिंक यायच्या आत रिपोर्ट समोर.
आकडे होते, इंग्रजी अक्षरं होती,
एका ओळीपुढे चांदणीची खूण.
तिने माझ्याकडे पाहिलं. मला काय कळणार?
चांदणी चांगली की वाईट, आत्याने विचारलं.
मी म्हणालो, डॉक्टर सांगतील.

सेवंती फोन पिशवीत गुंडाळून
सरकारी दवाखान्याच्या रिक्षात बसली, करंगळी वर धरून.
आत्या तिच्या वाट्याचा ढीग
आपल्याकडे ओढून घेत होती.
मी परत आलो, खुर्चीत पाठ टेकली,
सवयीने डोळे चोळले
आणि मग बराच वेळ
मला पडदा दिसेना.