नाडीपरीक्षा

वजनं झाली की पोरं रांगेत उभी राहतात
आणि मी, लोवेल ब्रँडवोल्ड, वय सदुसष्ट,
एकेकापुढे गुडघा टेकतो.
आधी नखं. मग कातडी, गजकर्णाचा चट्टा वगैरे.
शेवटी बूट.
बाहेर साउथ डकोटाचं जानेवारीतलं वारं
जिमच्या पत्र्यावर डोकं आपटतंय,
आत पॉपकॉर्नचा वास,
रबराचा, ओल्या लोकरी मोज्यांचा.

पायाच्या वाकणावर मी अंगठा ठेवतो.
गाठ दिसत नाही तिथे.
चार बोटं रुंद पट्टी दिसते,
तिच्या पोटात कप्पा, कप्प्यात
नाडीचे दोन्ही कान दुमडून निजवलेले,
वरून वेल्क्रो.
दाबून बघतो. एकदा ओढून बघतो.
"हं. पुढचा."

पूर्वी आम्ही चिकटपट्टी गुंडाळायचो.
घामानं ती सैल पडायची
आणि शेपटीसारखी मॅटभर फिरायची.
नियम मला पाठ होता:
नाडी सुटली, कुस्ती थांबली,
एक गुण समोरच्याला.
किती सेकंद उरलेत ते नियमाला दिसत नाही.
मला दिसत होतं.
अकरा.

टोबिन हेग्लंड, एकशे बत्तीस पौंडांत, एका गुणानं पुढे.
त्याच्या डाव्या बुटाची सुरगाठ
कुणी न ओढता, आपसूक,
झोपलेल्या माणसाची मूठ उघडते तशी उघडली.
मी शिट्टी फुंकली.
हात वर. एक बोट.

जादा वेळेत तो चीत झाला.
लोक ओरडले, त्यांच्या कोचनं खुर्ची लाथाडली,
कुणीतरी माझ्या आईचं नाव घेतलं.
त्याची आई तेवढी बसून होती,
मांडीवर पोराचा कोट,
कोटाची चेन वर, खाली, वर, खाली.

मर्ना हेग्लंड. धान्याच्या ट्रकांवरच्या
ताडपत्र्या शिवायची, गावाबाहेरच्या शेडमध्ये.
पुढच्या डिसेंबरात आली ती
कोंबड्यांच्या खाद्याची रिकामी गोणी घेऊन.
गोणीत उरल्यासुरल्या ताडपत्रीच्या पट्ट्या,
निळ्या, हिरव्या, दोन-चार मळकट पिवळ्या,
दुहेरी शिवण, कोपरे गोल कापलेले
(टोकदार कोपरा कुणाच्या तरी डोळ्यात जातो).
तिनं आपल्या गावच्या पोरांना वाटल्या.
मग बर्फाच्या बुटांनिशी मॅट ओलांडून
पाहुण्या संघालाही वाटल्या. मी काही बोललो नाही.
टोबिन तेव्हा मिनेसोटात नळजोडणी शिकत होता.
एकही पट्टी त्याच्या मापाची लागणार नव्हती.

सगळ्यात शेवटी माझ्यापुढे थांबली.
झालं, म्हटलं मनात, आता गाठ हिच्याशी आहे.
गोणीत कोपरापर्यंत हात घालून
तिनं एक जोडी काढली, काळी.
"माप अंदाजानं धरलंय," म्हणाली.
बास, एवढंच.
पण तिची नजर खाली होती, म्हणून मीही खाली पाहिलं.

माझी उजवी नाडी सुटलेली.
किती वेळ सुटलेली होती, देव जाणे.

पंचाच्या नाडीबद्दल पुस्तकात काही नाही.
त्या रात्री मी शोधलं. दोनदा.

आता पट्ट्या दुकानात मिळतात,
चौदा डॉलरला, वर गरुड छापलेला.
माझी जोडी तीच आहे, वेल्क्रो तेवढा तिसरा.
घरी येऊन खुर्चीत बसतो, ओढतो: खर्रर्र.
कुत्रं मान वर करतं, पुन्हा टाकतं.
आत सकाळची सुरगाठ,
दिवसभर कुणी न पाहिलेली,
कोरडी, जशीच्या तशी.
एका ओढीत सुटेल ती.
बोटं आखडलीत म्हणून म्हणा,
मला अंमळ वेळ लागतो.