आठ तास आरोप करा

शब्दाला पंचावन्न पैसे.
यंत्र दाखवत नाहीत, चित्रही नाही,
नुसत्या ओळी येतात, उलटसुलट, चौकटींत कोंबलेल्या,
आणि मी केप्यात, घराच्या मागच्या खोलीत
पहाटे पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत
त्यांचं मराठी करतो.

चार्ज म्हणजे आरोप.
फॅन म्हणजे चाहता.
पॉवर म्हणजे सत्ता. दुसरा अर्थ सुचणंच कठीण,
निवडणुकीचे दिवस होते,
खिडकीखाली दिवसभर जीप आणि कर्णे.

संगणक मध्येच थांबायचा.
"अज्ञात चूक घडली आहे," म्हणायचा,
खाली एकच बटण: ठीक आहे.
ठीक नाही म्हणायची सोय नव्हती.
मी दाबायचो.
चारशे ऐंशी रुपये झाले, त्यातून कर गेला,
आणि मी विसरलो.

चतुर्थीच्या आधल्या आठवड्यात
शेजारच्या प्रेमावतीबाय मणेरकर
कायतान फुर्तादच्या दुकानातून पंखा घेऊन आल्या,
चार्जिंगचा, निळ्या पात्यांचा,
सोबत बारा भाषांतली पुस्तिका.
बाय पोर्तुगीज दुसरीपर्यंत शिकलेल्या, पुढे मराठी शाळा.
आमच्या पायरीवर टेकून म्हणाल्या,
"तूच वाच रे. मला वाटलं, माझीच नजर गेली."

मी वाचलं. माझंच होतं.

"प्रथम वापरापूर्वी चाहत्यावर आठ तास आरोप करा.
आरोप पूर्ण होताच हिरवा दिवा लागेल.
चाहत्याच्या तोंडात बोट घालू नये.
सत्ता गेल्यास चाहता आपोआप फिरेल.
तृतीय पक्षाशी जोडल्यास हमी पोकळ होते."

"शेवटची दोन खरीच आहेत," बाय म्हणाल्या,
"पूण हें बरयलां कोणें?"
असेल कोणी गाढव, मी म्हणालो,
आणि आत जाऊन तांब्याभर पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला
भिंतीपलीकडून आवाज यायला लागला.
बाय पंख्यासमोर पाट टाकून बसल्या होत्या.
आधी जरा अवघडल्या.
तू महाग आहेस, म्हणाल्या. तुझी वायर आखूड.
मग वाट सापडली.
खाणीवरचा पगार सावर्ड्याच्या तावेर्नात ठेवून
रिकाम्या डब्यासह घरी येणारा तू,
मुलीच्या लग्नात रुसून
मांडवाबाहेर स्कूटरवर बसून राहिलेला तू,
माझी हार्मोनियम, बाबांनी दिलेली,
मी माहेरी असताना विकलीस,
आणि वर विचारलंस, आवाज कुठे चांगला होता?
त्या रात्री मी सोलकढीत मीठ दोनदा घातलं.
तू गुपचूप प्यालास. तेही सांग.

पंखा मान खाली घालून ऐकत होता
(त्याची मान तशीच येते, खोक्यातून).
भिंतीवरच्या फोटोतले मणेरकर
हाराच्या आडून दुसरीकडे बघत होते.

नातू सर्वेशने जेवून उठतानाच प्लग खोचला होता.
हे तिला सांगायला तो विसरला,
क्रिकेटला गेला.

रात्री दहाला हिरवा दिवा लागला.
बायंनी कुंपणावरून मला हाक मारली,
घसा बसलेला, पदर खोचलेला,
चेहरा असा, जणू कोर्टातून आल्यात.
"कबूल केलें रे ताणें."

मी सांगणार होतो.
ते शब्द कुणाचे, चार्ज म्हणजे काय,
पंचावन्न पैशांत काय काय बसत नाही.
"बरं झालं," म्हणालो,
आणि खोलीत येऊन बसलो नव्या कामापुढे:
कुकर, सत्तावीस चौकटी.
"शिट्टी मारेपर्यंत दबाव सोसावा."
हे बरोबर की चूक, अर्धा तास बघत राहिलो.

तेवढ्यात अख्ख्या केप्यातली वीज गेली.
लॅपटॉप अंधारात उजळून म्हणाला,
"तुमचे काम जतन झालेले नाही."
ठीक आहे.

पलीकडे घरघर सुरू झाली.
सत्ता गेली होती, चाहता फिरत होता,
आणि त्याच्याहून मोठ्याने
प्रेमावतीबाय घोरत होत्या.